पुस्तकं कंबरेच्या वर

पाणी कोमट असावं. वेळ पंधरा मिनिटं. पापण्या स्वतःच्या बोटांनी उघड्या धराव्यात.

*

ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाच्या वरच्या ओठावर, बरोबर मधोमध, एक छोटी गोल खूण असते. वाजवणं सोडलं तरी ती बरीच वर्षं जात नाही, असं तो म्हणतो.

*

रो ४ : ८.१
रो १९ : ७.६

*

आईने मला आयुष्यात एकदाच मारलं. मी भूगोलाच्या पुस्तकांवर उभी राहून कपाटावरचा लाडवांचा डबा काढला होता. लाडू खाल्ल्याबद्दल ती काहीच बोलली नाही.

*

डिसेक्शन हॉलच्या पायरीवर सहा जण चिवडा खातायत. भूक एकालाही नाही.

*

पायाच्या अंगठ्याचं नख दाबा. पांढरं पडेल. सोडा. मनात एक, दोन म्हणा.

*

एप्रिलमध्ये शॉमबर्गला बर्फ पडतो तेव्हा ऑफिसात कोणीतरी म्हणतंच, "धिस इज द लास्ट वन." बारा वर्षं ऐकतेय.

*

आता नीट सांगते.

मी हिमानी. वय अडतीस. पुण्याला इंजिनिअर झाले, इकडे अमेरिकेत आले आणि तेव्हापासून शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या एकाच कंपनीत आहे. हॉस्पिटलात खाटेशेजारी मॉनिटर असतो ना, हिरवी रेघ, आकडे, मधूनच टुंग टुंग, त्याच्या अलार्मचं सॉफ्टवेअर मी तपासते. त्यासाठी खोटं हृदय लागतं. खोटं हृदय म्हणजे एक फाइल. ती मी चालू करते, मॉनिटरला वाटतं पलीकडे माणूस आहे. मग मी ते हृदय बंद पाडते आणि अलार्म ठरलेल्या सेकंदांत वाजतो का ते बघते. वाजला की पास. पुन्हा चालू, पुन्हा बंद. लॉगमध्ये आकडा आहे: आजवर एकेचाळीस हजारांच्या वर हृदयं मी बंद पाडली.

खरं एकही पाहिलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलातून तक्रार आली की अलार्म फारच वाजतात, कोणीतरी येऊन बघा. मला पाठवलं. मी एका खोलीच्या कोपऱ्यात टॅब्लेट घेऊन उभी होते. खाटेवर एक म्हातारे गृहस्थ झोपलेले. अलार्म वाजला. माझा अलार्म. आपल्या पोराचं रडणं शंभर पोरांत ओळखू यावं तसा मी तो ओळखला. रेघ सपाट.

नर्स आली. मॉनिटरकडे न बघता तिने आवाज बंद केला. पांघरूण पायाकडून वर केलं, अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं. आणि बघत राहिली. पांढऱ्या नखात गुलाबी रंग परत आला, कडेकडून आत, जशी पायाखाली दाबून कोरडी पडलेली वाळू पुन्हा ओली होते. मग तिने त्यांच्या छातीवरची सुटलेली वायर जागेवर लावली. "कुशीवर वळले होते," ती मला म्हणाली, आणि गेली.

मी बाहेर येऊन गाडीत बसले. फेब्रुवारी होता. यतीनचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"पार्किंगमध्ये. मोजे काढलेत."

"का?"

मला सांगता येईना. मी माझं नख दाबत होते. दाबलं की जातो, सोडलं की येतो. अडतीस वर्षं (तेव्हा छत्तीस) हा रंग माझ्या पायात ये-जा करत होता आणि मी त्यावर मोजे घालत होते.

*

यतीन माझा नवरा. तो एका मोठ्या कंपनीत कोणाकडून काय विकत घ्यायचं ते ठरवणाऱ्या टीममध्ये आहे. कोणताही निर्णय आला की तो शीट बनवतो: डाव्या बाजूला पर्याय, वरती निकष, प्रत्येक निकषाला वजन, शेवटी एक आकडा. आमचा डिशवॉशर असाच आला. आमच्या लेकीची, अनयाची पियानो टीचर अशीच आली. मीसुद्धा अशीच आले असावे असा मला दाट संशय आहे.

आमचं ग्रीन कार्ड येईपर्यंत नोकरी सोडायचा विषयच नव्हता. ते आलं त्या आठवड्यात डिशवॉशर भरताना मी म्हटलं, "यतीन, मला मेडिकलला जायचंय."

त्याने हातातली कढई खाली ठेवली. "ऑनलाइन कोर्स?"

"नाही रे. डॉक्टर."

"ओके," तो म्हणाला. मग भिंतीकडे बघत आणखी एकदा, "ओके." मग, "शीट बनवू."

अकरा वर्षांची अनया टेबलावरून म्हणाली, "मॉम, यू फेंट व्हेन आय गेट अ नोजब्लीड."

"एकदाच झालं होतं ते."

"ट्वाइस."

इथे मेडिकल डिग्रीनंतर असतं. डिग्री कशातलीही चालते, पण त्याआधी केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स हे विषय इथल्या कॉलेजात, लॅबसकट झालेले लागतात. माझ्यासारख्या, भलतंच काही करून मध्येच जाग आलेल्या लोकांसाठी हे विषय पुरे करून देणारे कार्यक्रम असतात. त्यांना पोस्ट-बॅक म्हणतात. देशभर शेकड्यांनी आहेत. यतीनच्या शीटमध्ये एकतीस रो झाल्या. मार्चपर्यंत दोन उरल्या.

रो ४. घरापासून पंधरा मिनिटांवरचं कम्युनिटी कॉलेज. संध्याकाळी एकेक विषय. चार वर्षं. नोकरी चालू.

रो १९. शिकागोतलं एक छोटं कॉलेज. दिवसभर. दीड वर्ष. चोवीस जणांची एक तुकडी, सगळे असेच मार्ग बदललेले. नीट निभावलं तर एका मेडिकल कॉलेजात थेट मुलाखत. पहिल्याच उन्हाळ्यात ॲनाटॉमी, खऱ्या देहावर. नोकरी सोडावी लागणार.

रो १९ ने मला घेतलं होतं. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आणि त्यांचा नियम असा की एकदा नाही म्हटलं तर पुन्हा अर्ज करता येत नाही.

कॉमेंट, सेल एल ४, यतीन: "इथे रिस्क कमी. ड्राइव्ह पण कमी."

कॉमेंट, सेल एल १९, यतीन: "इथे तू खूश दिसतेस. खूश या निकषाला वजन किती द्यायचं?"

त्या कॉमेंटला मी उत्तर दिलं नव्हतं.

*

रविवारी रत्नाकाकूंकडे गेलो. काकू पंचेचाळीस वर्षांपूर्वी नागपूरहून आल्या, तीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिली, आता रिटायर होऊन टोमॅटोची रोपं सांभाळतात. इथल्या मराठी मंडळात त्यांना सगळे घाबरतात.

"या डॉक्टरीणबाई," काकू म्हणाल्या. "नवऱ्याची शीट आणलीस का?"

यतीनने खरंच लॅपटॉप उघडला. काकूंनी चष्मा लावून दोन्ही रो वाचल्या.

"चार घे."

"का?"

"नाही जमलं तर गुपचूप सोडून देता येईल. कोणाला कळणार पण नाही."

"म्हणजे मी सोडणार, असं तुम्हाला वाटतं."

"मला वाटतं तुला हृदय आवडतं," काकू म्हणाल्या. "माणसं आवडतात का, ते मला माहीत नाही. तुलाही नाही. हृदय, बाई, घंटा वाजवून पाणी मागत नाही. माझं इन्शुरन्स का नाकारलं म्हणून तुझ्यावर ओरडत नाही."

"तुम्हाला आवडायची माणसं?"

"मी त्यांना झोपवायचे. मला विचारू नकोस." त्यांनी यतीनकडे चकल्यांची बशी सरकवली. "खा रे. तुझं वजन कुठल्या कॉलममध्ये आहे?"

काकूंचं खरं असेल, हा विचार परतताना गाडीत सुटेना. एका नखासाठी मी घरादाराची घडी मोडायला निघाले होते.

*

मंगळवारी रो १९ ने निवडलेल्यांना बोलावलं. बर्फ पडत होता. (लास्ट वन.)

आम्ही आठ जण आलो होतो. माझ्या शेजारी मार्कस, उंच, चाळिशीचा, सोळा वर्षं ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवलेला. ओठावरची खूण त्यानेच दाखवली. "तू काय करायचीस?" त्याने विचारलं.

"हृदयं बंद पाडायचे."

तो जरा बाजूला सरकला. मग मी समजावून सांगितल्यावर परत जवळ आला.

ॲनाटॉमीच्या बाई म्हणजे डॉ. पाव्लिक. साठीच्या, जेमतेम पाच फूट, केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी आम्हाला गाऊन, ग्लव्ह्ज, मास्क, गॉगल दिले. वास आधी आला, मग खोली. मधे एक टेबल. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली ती.

"या एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत," डॉ. पाव्लिक म्हणाल्या. "स्वतःचा देह स्वतः देऊन गेल्यात. एवढंच आज सांगते. बाकी या कार्डावर आहे." टेबलाच्या टोकाला एक कार्ड क्लिपने उलटं लावलेलं होतं. "हे आम्ही कोर्सच्या शेवटच्या दिवशी वाचतो."

"आधी का नाही?" मार्कसने विचारलं.

"आधी वाचलं की लोक त्यांच्यात ती गोष्ट शोधत बसतात. आधी हात बघा, पाय बघा. कार्ड कुठे जात नाही."

चेहरा झाकलेला होता. मी पायांशी गेले. टाचा भेगाळलेल्या, डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. कुठलातरी घट्ट बूट त्या बोटांनी वर्षानुवर्षं सोसला असणार. कोणी बघत नाही असं पाहून मी अंगठ्याचं नख दाबलं. सोडलं. एक, दोन. मग दहापर्यंत मोजलं. काहीच आलं नाही, काही जाणारही नव्हतं. मला ठाऊक होतं, तरी मी मोजलं. मान वर केली तर डॉ. पाव्लिक माझ्याकडे बघत होत्या.

मग त्यांनी शेजारच्या ट्रेमधून हृदय उचललं. त्याच बाईंचं. ओंजळ पुढे करायला सांगितलं आणि माझ्या हातात ठेवलं.

पाव किलोच्या जरा वर. मला ते आंब्याएवढं वाटलं, पायरीएवढं, हापूस नव्हे. रंग ओल्या मातीचा. एका बाजूने उघडलेलं होतं, आणि आत, झडपांपासून खाली, पांढरे दोरे. गजरा ओवायच्या दोऱ्याइतके बारीक. प्रत्येक ठोक्याला ते ताणले गेले असणार, झडप उलटी फिरू नये म्हणून. मी मनात गुणाकार केला, सवयच ती. मिनिटाला सत्तर धरले तर एक्क्याण्णव वर्षांत तीनशे कोटींच्या पुढे. तीनशे कोटी वेळा हे दोरे ताणले आणि सुटले आणि एकदाही कोणी ते तपासले नाहीत. पास म्हणायला कोणी नव्हतं. ती झोपली, जेवली, चिडली, कोणाच्या तरी मागे पळाली, आणि हे चालू होतं. माझ्या फाइलीतलं हृदय पंचेचाळीस केबीचं आहे.

गॉगलवर वाफ धरली. दोरे धूसर झाले. मी कोपराने गॉगल डोक्यावर ढकलला. नियम मोडला, हे मी कबूल करते. मला दिसायला हवं होतं.

किती वेळ मी तशी उभी होते ते सांगता येणार नाही. मार्कसने ओंजळ पुढे केली. मी हृदय त्याच्या हातात दिलं, अर्धं पाऊल मागे सरकले आणि टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेल्या ॲनाटॉमीच्या ॲटलासच्या गठ्ठ्याला माझा पाय लागला.

पुस्तक.

मी वाकले. उजव्या हाताने पुस्तकाला स्पर्श केला आणि बोटं उजव्या डोळ्याला लावली, मग डाव्या.

*

मिनिट १

"डोळे मिटू नकोस!" डॉ. पाव्लिक एवढ्याशा, पण त्यांनी मला दंडाला धरून भिंतीवरच्या, डोळे धुवायच्या बेसिनपर्यंत जवळजवळ उचलून नेलं. औषधाने भिजलेले ग्लव्ह्ज काढून घेतले. दोन कारंजी उसळली. आग, मग पाणी, मग आग.

मिनिट २

"मी वेळ मोजतो," मार्कसचा आवाज. "तेच करत आलोय. एकदा मी तालाचे एकशे बारा बार गप्प बसून मोजले होते, एक सूर वाजवायला."

मिनिट ४

"नेमकं काय केलंस तू?" डॉ. पाव्लिक शेजारीच होत्या. "तीस वर्षं मी या खोलीत आहे. लोक पडलेत, हसलेत, एकाने एकीला लग्नाचं विचारलंय. हे नवीन आहे."

"पुस्तकाला पाय लागला," मी म्हटलं. तोंडात पाणी.

"बरं. मग?"

"मग हात लावून नमस्कार करायचा. डोळ्यांना लावायचा."

"पुस्तकाला दुखतं म्हणून?"

मी विचार केला. आईने कधी कारण सांगितलं नव्हतं. "माहीत नाही. आधी हात जातो."

"कुठल्याही पुस्तकाला?"

"टेलिफोन डिरेक्टरीला पण."

मार्कस हसला, मग म्हणाला, "साडेचार."

मिनिट ६

"आणि माणसाला लागला तर?"

"माणसाला पण. लहान मुलाला सुद्धा."



मिनिट ७

मला खात्री होती की जागा गेली. ग्लव्हचा हात डोळ्याला, गॉगल डोक्यावर, पहिल्याच दिवशी. आता पत्र येईल. आणि खरं सांगते, मला जरा सुटल्यासारखं वाटलं. रो ४ आपोआप. काकूंना कळवायचं, तुमचं बरोबर होतं. कोणाला कळणारही नाही.

मिनिट ९

पापण्या धरलेल्या बोटांना काहीतरी लागत होतं. बारीक. टक. टक. टक. आधी वाटलं, पाण्याचा पंप असेल. मग कळलं की ते माझंच आहे, बोटांच्या टोकांत आलेलं. मी मोजलं. एकशे बारा. आमच्या मॉनिटरची वरची मर्यादा एकशे वीस. अलार्म वाजणार नव्हता. हे कोणी चालू केलं होतं? बाकीचं सगळं माझ्या हातातून सुटत चाललं होतं आणि हे मला न विचारता, मी घाबरलेय हे ओळखून, पळत होतं.

मिनिट १०

"दहा," मार्कस.

मिनिट ११

"तू तिचं नख दाबलंस," डॉ. पाव्लिक म्हणाल्या. "का?"

मी त्यांना नर्सची गोष्ट सांगितली. वाळूसारखा परत येणारा रंग, सुटलेली वायर, सगळं. त्या आजोबांना जाग आली होती आणि त्यांनी मलाच नर्स समजून विचारलं होतं, बाहेर अजून बर्फ आहे का, आणि मी वीस मिनिटं त्यांच्याशी शिकागोच्या बर्फावर बोलत बसले होते, तक्रारीचं काम तसंच ठेवून. हे मी यतीनला कधी सांगितलं नव्हतं. काकूंनाही नाही. पाण्याखाली डोकं घातलेलं असतानाच आठवलं.

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग काही नाही. त्यांना सांगितलं, हो, अजून आहे."

मिनिट १४

"चौदा," मार्कस.

मिनिट १५

"आणि... थांबा," मार्कस म्हणाला, ऑर्केस्ट्रातल्या कंडक्टरसारखा.

*

कॉलेजच्या नर्सने डोळे तपासले. लाल, पण ठीक. मग फॉर्म.

घटना: देह जतन करणारा द्रव उमेदवाराच्या दोन्ही डोळ्यांत गेला, असं डॉ. पाव्लिकनी लिहिलं. तारीख त्यांनी दोनदा चुकवली. माझ्यापेक्षा त्या जास्त घाबरल्या होत्या हे मला तेव्हा कळलं.

कारण: "तूच सांग. मी तुझ्याच शब्दांत लिहिते."

मी सांगितलं. गॉगल डोक्यावर चढवला होता, चूक माझी. पुस्तकाला पाय लागला. नमस्कार केला.

त्यांनी तिन्ही वाक्यं लिहिली. नमस्कारचं स्पेलिंग विचारून घेतलं.

यापुढे असे होऊ नये म्हणून उपाय: इथे त्या थांबल्या.

हा रकाना मी ओळखते. बारा वर्षं ऑफिसात असेच फॉर्म भरतेय. अलार्म बंद ठेवला गेला, वायर चुकीची लावली, काहीही झालेलं असो, आमच्याकडे या रकान्यात एकच उत्तर जातं: वापरणाऱ्याला पुन्हा ट्रेनिंग.

"ट्रेनिंग लिहा," मी म्हटलं. "मला सवय सोडायला लागेल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे मी नंतर भरते."

*

यतीनने दार उघडलं आणि माझे डोळे पाहून म्हणाला, "नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले नाहीत. म्हणतील."

अनयाने सगळं ऐकून घेतलं. "सो यू डिडन्ट फेंट," ती म्हणाली. तिला तेवढंच महत्त्वाचं वाटलं.

रत्नाकाकूंना फोन केला. काकू इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "पंधरा मिनिटं? अगं, आमच्या वेळी तोंडावर पाण्याचा हबका मारून परत पाठवायचे." मग एकदम थांबल्या. "आम्ही पहिल्या दिवशी काय केलं ठाऊक आहे? हॉलच्या पायरीवर बसून चिवडा खाल्ला. सहाही जणांनी. घाबरलो नाही हे दाखवायला. घशाखाली उतरत नव्हता."

"आणि आत?"

"आत एक माणूस होता. बेवारस. नाव कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं पण नाही. आम्ही त्याला काका म्हणायचो. वर्षभर त्याच्याकडून शिकले मी, आणि नमस्कार करायचं सुचलं नाही गं." मग म्हणाल्या, "मी ते परवा बोलले ना, माणसं आवडतात का वगैरे."

"हं."

"ते तू बघ तुझं. मी म्हातारी आहे." आणि फोन ठेवला.

*

शुक्रवार. सकाळी नऊ. ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते तेव्हा ईमेल आली. मला वाटलं, आलं पत्र.

पत्र नव्हतं. फॉर्मची कॉपी होती, पूर्ण भरलेली, नियमाप्रमाणे मला पाठवलेली. मी थेट शेवटच्या रकान्यावर गेले.

यापुढे असे होऊ नये म्हणून उपाय:
वाफ न धरणारे गॉगल मागवले.
पुस्तकं टेबलाखालून काढून भिंतीवरच्या फळीवर ठेवली. कंबरेच्या वर.
पूर्ण झाल्याची तारीख: गुरुवार.

खाली एक फोटो. त्याच खोलीची भिंत, नवी कोरी लाकडी फळी, दोन ब्रॅकेट, त्यातला एक किंचित तिरका. फळीवर पाच ॲटलास ओळीने. खाली जमिनीवर लाकडाचा भुसा तसाच. कोणीतरी घाईने, स्वतःच्या हाताने ठोकलेली फळी. "तुझी वाट पाहतो" वगैरे काही नाही. फक्त सही.

मी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा, भुशाचे कण दिसेपर्यंत. बारा वर्षांत त्या रकान्यात मी फक्त माणसं बदलायला सांगितलेली पाहिली होती. कोणी भिंतीला भोक पाडलं नव्हतं. आणि इथे एका बाईने, जिने आयुष्यात कधी पुस्तकाला नमस्कार केला नसेल, माझ्या पायाची उंची धरून फळी लावली होती. ती माझ्यासाठी होती, की पुढे कधीतरी येणाऱ्या माझ्यासारख्या कोणासाठी, हे मला कळायला मार्ग नव्हता. माझं उत्तर तर अजून गेलंच नव्हतं.

यतीनला फोन लावला. "शीट उघड."

"उघडीच आहे."

"एक कॉलम वाढव. फळी."

"फळी?"

"फोटो पाठवलाय. बघ."

"ब्रॅकेट वाकडा लागलाय," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळा झाला होता. "वजन किती देऊ?"

"शंभर."

"तसं केलं तर बाकीच्या तीस रो शून्यावर येतील, हिमानी. शीटला अर्थ उरणार नाही."

"कर."

कीबोर्डचा आवाज आला. मग, "हं. झालं. एकोणीस." मग, "डबा कोण करणार सकाळचा, हे आज बोलायचं का उद्या?"

"उद्या."

मी फोन ठेवला, मोजे काढले, आणि मग उत्तर लिहिलं. एकच शब्द. पाठवायचं बटण दाबलं तेव्हा बोटाचं टोक पांढरं पडलं. मी बोट उचललं आणि बघत राहिले.

*

शेवटच्या दिवशी कार्ड उलटलं: त्या चौतीस वर्षं शाळेची बस चालवत होत्या.